पलटणीतला पिचर: बुलेट रोगनची मोनार्क्सआधीची वर्षं

माळरान (धागाकर्ता)

बुलेट रोगन या काळ्या अमेरिकी बेसबॉलपटूचं नाव निघालं की गोष्ट थेट १९२० पासून सुरू होते. कॅन्सस सिटी मोनार्क्स, काळ्या खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग, पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) म्हणून १२० विजय आणि ५२ पराभव, वर बॅटिंगची सरासरी .३३८. बेसबॉलमध्ये .३०० गाठणारा बॅटर उत्तम समजला जातो, आणि इथे तर मुळात पिचर असलेला माणूस त्याच्याही पुढे आहे. पण मोनार्क्सकडे तो आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होत आला होता. त्याआधीचा काळ त्यानं हौशी संघांत आणि मुख्यतः अमेरिकी सैन्याच्या पलटणींत काढला. मला त्या काळाबद्दल लिहायचंय. माझं स्पष्ट मत आहे की रोगन घडला तो तिथेच. मोनार्क्सना तयार खेळाडू मिळाला.

जन्म १८९३ चा, ओक्लाहोमा सिटीतला. घर पुढे कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीला हललं. तिथे पॅलेस कोल्ट्स नावाच्या पोरांच्या संघात तो खेळू लागला, आणि तेही कॅचर म्हणून. ही बाब महत्त्वाची आहे. कॅचर बॅटरच्या मागे बसून डावभर त्याची पावलं आणि खांदे बघत असतो. कुठला चेंडू त्याला जड जातो हे त्याच्याइतकं जवळून कोणालाच दिसत नाही.

१९११ साली तो सैन्यात भरती झाला. का, हे समजायला तेव्हाची परिस्थिती बघावी लागते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये (अव्वल व्यावसायिक बेसबॉलमध्ये) खेळला, आणि त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपापसात ठरवून टाकलं की काळे खेळाडू घ्यायचे नाहीत. कागदावर नियम नव्हता, पण तो साठ वर्षं टिकला. काळ्यांचे स्वतःचे व्यावसायिक संघ होते. मात्र त्यांचं पोट गेटवर जमणाऱ्या पैशावर, आणि आज या गावी तर उद्या त्या. सैन्यात निदान पगार, जेवण, डोक्यावर छप्पर आणि जोडीला बेसबॉल होतं.

अमेरिकी सैन्यात तेव्हा काळ्या सैनिकांच्या चार नियमित रेजिमेंट होत्या: २४ वी आणि २५ वी इन्फन्ट्री (पायदळ), ९ वी आणि १० वी कॅव्हलरी (घोडदळ). अधिकारी जवळपास सगळे गोरे. रोगन आधी २४ व्या इन्फन्ट्रीबरोबर फिलिपिन्सला गेला. ती मुदत संपल्यावर पुन्हा सही करून २५ व्या इन्फन्ट्रीत दाखल झाला आणि हवाईला, ओआहू बेटावरच्या स्कोफिल्ड बॅरॅक्समध्ये पोचला.

या पंचविसाव्या पलटणीचा इतिहास डोळ्याआड करता येत नाही. १९०६ मध्ये टेक्ससच्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला, आळ या पलटणीवर आला आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना खटला न चालवता बडतर्फ केलं. तो कलंक पुसायला सैन्याला १९७२ साल उजाडावं लागलं. रोगन ज्या पलटणीची जर्सी घालत होता, तिच्या अंगावर ही जखम ताजी होती.

आणि याच पलटणीनं असा बेसबॉल संघ उभा केला की ओआहूवर त्याला तोड राहिली नाही. रेकर्स म्हणून तो ओळखला जाई. रोगन, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) डोबी मूर, धिप्पाड ऑस्कर ‘हेवी’ जॉन्सन, फर्स्ट बेसवर लेम हॉकिन्स, शिवाय बॉब फेगन. या पाचही जणांनी पुढे मोनार्क्सची जर्सी घातली. हवाईत त्यांच्यासमोर इतर पलटणींचे संघ असत, होनोलुलूतले चिनी आणि जपानी वंशाच्या खेळाडूंचे संघ असत, आणि मुख्य भूमीवरून बोटीनं येणारे गोरे व्यावसायिक संघही. म्हणजे लीगमध्ये जे गोरे त्यांच्याशी खेळले नसते, ते हवाईत येऊन खेळून जात होते.

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ ला उतरली, पण काळ्यांच्या या नियमित रेजिमेंट फ्रान्सला पाठवल्याच नाहीत. २५ वी हवाईतच राहिली आणि १९१८ मध्ये तिला ॲरिझोनात नोगालेसला, मेक्सिकोच्या सीमेवर आणलं. ज्या भेदभावानं या सैनिकांना आघाडी नाकारली, त्याच भेदभावामुळे हा संघ वर्षानुवर्षं एकत्र राहिला. मला यात समाधान वाटत नाही, पण हे घडलं हे खरं.

आता ‘शोधाची’ गोष्ट. १९१९ मध्ये केसी स्टेंगल (पुढे न्यूयॉर्क यांकीजचा नावाजलेला मॅनेजर, तेव्हा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या टोकाचा क्षेत्ररक्षक) काही खेळाडू घेऊन सामने खेळत फिरत होता. सीमेवर सैनिकांचा हा संघ बघून तो थक्क झाला आणि त्यानं आपल्या गावच्या, म्हणजे कॅन्सस सिटीच्या, जे. एल. विल्किन्सनला (पुढे मोनार्क्सचा मालक) सांगितलं की यांना घे. ही हकिकत सगळीकडे वाचायला मिळते. पण १९१७ मध्येच रोगन विल्किन्सनच्या ‘ऑल नेशन्स’ संघातून खेळला होता, त्याच वर्षी लॉस एंजेलिस व्हाइट सॉक्सकडूनही. ज्या माणसानं त्याला आपल्याच संघात उतरवलं होतं, त्याला रोगन कोण हे स्टेंगलनं सांगायची गरज नव्हती. स्टेंगलनं शिफारस केली असेलच, पण काळ्या खेळाडूच्या गोष्टीत एक गोरा शोधक लागतोच, ही सवय मला खटकते.

फेब्रुवारी १९२० मध्ये काळा संघमालक रूब फोस्टर याच्या पुढाकारानं कॅन्सस सिटीतच निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. संघमालकांत विल्किन्सन एकटा गोरा. त्याला संघ उभा करायचा होता आणि नोगालेसमध्ये तो उभाच होता. रोगन त्या उन्हाळ्यात सैन्यातून सुटून आला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

सावनी_क

वाचनखूण साठवली आहे. मी कॉलेजात असताना जिल्हा पातळीवर सॉफ्टबॉल खेळले आहे, म्हणून पिचिंगबद्दल थोडी भर.

रोगन वाइंडअप न घेता टाकायचा हे त्याचं वैशिष्ट्य. वाइंडअप म्हणजे चेंडू सोडण्याआधी पिचर हात डोक्यावर नेतो, एक पाय मागे घेतो, गुडघा उचलतो, मग पुढे झेपावतो. त्यातून वेग येतो. पण बॅटरलाही त्या हालचालीतून ठोका मिळतो: गुडघा वर गेला, आता खांदा फिरेल, आता चेंडू सुटेल. तो त्या ठोक्यावर आपलं वजन मागच्या पायावर नेतो. रोगन उभ्या जागेवरून थेट टाकायचा, त्यामुळे बॅटरला तयारीचा तो क्षणच मिळत नसे. वर वेग असा की नावच बुलेट पडलं. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, म्हणजे उंचीचा फायदा शून्य. एवढा वेग पाय, कंबर आणि मनगटातूनच काढावा लागतो.

त्याच्याकडे पामबॉलही होता. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल बसवायचा. हात पूर्ण वेगानं फिरतो, पण चेंडू रेंगाळत येतो. आधीचे दोन चेंडू सणसणीत आले असले की बॅटर हमखास लवकर फिरवतो. असा चेंडू बसायला वर्षं लागतात. तळहातातून सुटताना तो कुठे जाईल याचा भरवसा येईपर्यंत टाकतच राहावा लागतो, आणि मार बसला तर बाकावर बसवणारा मालक असेल तर कोण प्रयोग करेल? पलटणीच्या संघात ती मोकळीक असणार. माळरान यांचं ‘तिथेच घडला’ हे म्हणणं मला या कारणानं पटतं.

हवालदारकाका

लेख आवडला. मी बावीस वर्षं फौजेत काढली, पलटणीच्या व्हॉलीबॉल संघात होतो. देश वेगळा, काळ वेगळा, पण पलटणीतला खेळ कसा चालतो ते सांगू शकतो.

संघात नाव आलं की फटीग (अंगमेहनतीची कामं) आणि रात्रीच्या गार्ड ड्यूटीतून बरीच सूट मिळते. सकाळी पीटी, मग मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान. खुराक वेगळा. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांची इज्जत त्या चषकाला बांधलेली असते, त्यामुळे चांगला खेळाडू दुसऱ्या युनिटमध्ये दिसला की त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी पत्रापत्री होते. तीच दहा-बारा माणसं वर्षानुवर्षं एका बराकीत झोपतात आणि एका पंगतीला जेवतात. मैदानावर एकमेकांकडे बघावंही लागत नाही, कोण कुठे धावेल हे अंगात भिनलेलं असतं. पिचर आणि शॉर्टस्टॉप पाच वर्षं एकत्र असतील तर त्याची किंमत बाहेरच्या माणसाला कळणं अवघड आहे.

या पोरांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काय काय सोसावं लागलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. तरी पलटणीचं नाव लावून ते जीव तोडून खेळले. माझा त्यांना कडक सॅल्यूट.

कृष्णाकाठ

लेखन छान, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

१८ ते २७ ही पिचरची सोन्यासारखी वर्षं. त्याच काळात गोरा पिचर वॉल्टर जॉन्सन वॉशिंग्टनसाठी मोठ्या लीगमध्ये शेकड्यानं विजय मिळवत होता आणि त्याचा एकेक सामना कागदावर आहे. रोगन तेव्हा एका बेटावर पगारी शिपाई होता. ‘सैन्यानं घडवलं’ म्हटलं की त्याच्यापासून जे हिरावलं गेलं ते सौम्य होतं. त्याला पर्याय असता तर तो गेला असता का स्कोफिल्डला?

दुसरं, हिशोबाचं. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलनं १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. पण रेकर्सचे सामने त्यात येत नाहीत, येऊही शकत नाहीत. म्हणजे अन्यायाची दुरुस्ती झाली तीही १९२० पासून. त्याआधीचा रोगन नोंदींत अस्तित्वातच नाही.

माळरान

कृष्णाकाठ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत, आणि खरं तर लेख लिहायचं कारणच ते.

पहिल्याबद्दल. हिरावलं गेलं यात वाद नाही. वॉल्टर जॉन्सनला जी खुर्ची जन्मानं मिळाली तिच्यापर्यंत रोगनला पोचूच दिलं नाही. पण म्हणून त्या वर्षांना ‘वाया गेलेली’ म्हणणं मला टोचतं, कारण त्यात असं गृहीत आहे की गोऱ्यांची लीग नसेल तिथे खेळच नव्हता. रेकर्सचे सामने बघायला माणसं येत होती, होनोलुलूची वर्तमानपत्रं त्यांचे वृत्तांत छापत होती. तो खेळ खराच होता. अन्याय मोठा होता म्हणून त्या अन्यायाखाली या पाच-सहा माणसांनी जे उभं केलं ते लहान ठरत नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी सांगायला हव्यात, आणि मी दुसरीवर जास्त लिहिलं कारण ती कमी सांगितली जाते.

पाटलाची_वाडी

हे वाचताना पळवणकर बाळू यांची आठवण होणं साहजिक आहे. काळही जवळजवळ तोच. वडील सैन्यात नोकरीला, पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर क्रिकेट शिकलेले दलित बाळू, पूना जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता कॅप्टन ग्रेग यांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. आणि तरीही हिंदूंच्या संघात असताना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात. रोगन ज्या वर्षी भरती झाला त्याच वर्षी बाळू इंग्लंडमध्ये गाजत होते.

कृष्णाकाठ

पाटील, साम्य आहे, पण एक फरक नोंदवतो. बाळूंना अपमान सोसूनही मुख्य संघात जागा मिळाली, अडवली गेली ती कप्तानी. रोगनला संघाच्या दारातच उभं केलं नाही. म्हणून काळ्या खेळाडूंना स्वतःची लीग काढावी लागली आणि मग कप्तान, मॅनेजर, पंच हे सगळे त्यांच्यातलेच झाले.

उनाड_पारवा

डोबी मूर आणि हेवी जॉन्सनचं पुढे काय झालं? आणि साठ वर्षांची ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सनही मोनार्क्सचाच ना, तोही फौजी होता असं वाचलंय.

माळरान

हेवी जॉन्सन थोडा उशिरा, १९२२ ला आला आणि पुढच्याच मोसमात त्याची सरासरी .४०० च्या वर गेली. डोबी मूर त्या काळातल्या सर्वोत्तम शॉर्टस्टॉपपैकी एक. पण १९२६ मध्ये त्याच्या पायाला गोळी लागली आणि लीगमधलं खेळणं तिथेच संपलं. त्यानंही मोनार्क्सआधीची उमेदीची वर्षं पलटणीत काढली होती, म्हणजे लीगमध्ये त्याला जेमतेम सहा-सात मोसम मिळाले. एवढ्यावर तो अजून हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान) नाही. सैन्यातला खेळ कोणी धरतच नाही, त्याचा फटका रोगनपेक्षा मूरला जास्त बसला असं मला वाटतं. कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याचा खरा पुरावा तोच.

जॅकी रॉबिन्सनची वाट उलटी. दुसऱ्या महायुद्धात कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीला असताना त्याला छावणीच्या बेसबॉल संघात घेतलं नाही, कारण संघ गोऱ्यांचा. १९४४ मध्ये टेक्ससमध्ये बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं, त्यातून तो निर्दोष सुटला. पुढे केंटकीतल्या छावणीत एक माजी मोनार्क्स खेळाडू भेटला, त्याच्याकडून कळल्यावर रॉबिन्सननं मोनार्क्सना पत्र लिहिलं आणि १९४५ चा मोसम तिथे खेळला. रोगनच्या वेळी काळ्या पलटणीचा स्वतःचा संघ होता. रॉबिन्सनला सैन्यानं दार लावून घेतलं, आणि तरी मोनार्क्सचा पत्ता त्याला सैन्यातच मिळाला.

सावनी_क

१९२४ च्या पहिल्या कलर्ड वर्ल्ड सिरीजबद्दलही (दोन काळ्या लीगच्या विजेत्यांमधली मालिका) लिहा ना. आणि सुईचा किस्सा!

माळरान

१९२४ ला मोनार्क्स विरुद्ध फिलाडेल्फियाजवळचा हिलडेल. दहा सामने चालली ती मालिका, एक बरोबरीत, मोनार्क्सनी पाच जिंकले, चार हरले. पहिला सामना रोगननं ६-२ असा काढून दिला. ज्या दिवशी पिचिंग नसेल त्या दिवशी तो आउटफिल्डमध्ये उभा राहायचा, कारण त्याची बॅट बाहेर बसवणं परवडणारं नव्हतं. शेवटचा सामना मॅनेजर होसे मेंडेझनं स्वतः पिचिंग करून ५-० नं जिंकला.

पुढच्या वर्षी पुन्हा हेच दोन संघ. मालिकेच्या तोंडावर रोगन घरी जमिनीवर गुडघ्यांवर बसून आपल्या लहान मुलाशी खेळत होता, आणि एक सुई पायात घुसली. तो एकही सामना खेळू शकला नाही. मोनार्क्स ५-१ नं हरले.

हवालदारकाका

माळरान, तो मॅनेजर म्हणून फार कडक होता असं वाचलं. फौजी सवय असणार.

माळरान

हो काका, १९२६ पासून तो खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही होता, आणि सहकाऱ्यांच्या आठवणींत शिस्तीचा उल्लेख येतोच. जे स्वतःला सहज जमतं ते इतरांनाही जमायला हवं अशी त्याची अपेक्षा असे, समजावून सांगण्यात तो फार रमत नसे.

त्याच वर्षीचा एक दिवस सांगतो. लीगच्या अंतिम फेरीत शिकागो अमेरिकन जायंट्सविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते, आणि मोनार्क्सना दोनपैकी एकच जिंकायचा होता. पहिल्यात रोगनसमोर बिल फोस्टर, शिकागोचा डावखुरा. निकाल १-०, रोगन हरला. दुसऱ्या सामन्याआधी फोस्टर पुन्हा हात गरम करू लागला. ते बघून रोगननं ठरलेल्या पिचरला बसवलं आणि चेंडू स्वतःच्या हातात घेतला. तो सामनाही गेला, ५-०.

यावर लोक म्हणतात की मॅनेजर म्हणून ही चूक होती, तेहतीस वर्षांच्या माणसानं एका दिवसात दोनदा टाकायला नको होतं. पिचिंगच्या हिशोबानं ते बरोबरच आहे. पण समोरचा दुसऱ्यांदा उभा राहतोय म्हटल्यावर आपण तरुण पोराला पुढे करायचं, हे त्याला पटलं नसावं.

हवालदारकाका

नाही पटणार. आमच्यातही नसतं पटलं कोणाला.

उनाड_पारवा

आणि निवृत्तीनंतर?

माळरान

१९३८ पर्यंत मोनार्क्सबरोबरच, मग निग्रो लीगमध्ये पंचगिरी आणि पोस्टात नोकरी. १९६७ मध्ये कॅन्सस सिटीतच वारला. निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी हॉल ऑफ फेमचं दार १९७१ मध्ये सॅचेल पेजपासून उघडलं, रोगनचा नंबर लागला १९९८ ला. विल्किन्सनही २००६ मध्ये आत गेला. डोबी मूरसाठी मात्र अजून भांडावं लागणार आहे. त्याच्यावर वेगळा धागा काढतो, कृष्णाकाठ यांनी तिथेही वाद घालायला यावं.

कृष्णाकाठ

मूरसाठी असेल तर तुमच्या बाजूनं.